तेच समीकरण उलटवून क्ष का काढता येत नाही?

वर विचारलंय की क्षवरून यचा अंदाज काढायचं रिग्रेशन समीकरण (म्हणजे आलेखावरच्या बिंदूंमधून जाणाऱ्या, त्यांना सर्वांत जवळच्या रेषेचं) हाताशी असताना यवरून क्ष काढायला दुसरं कशाला, तेच उलटवलं तर? नाही चालत. पहिली रेषा बिंदूंपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवते, दुसरी आडव्या अंतरांची. त्यामुळे रेषाच वेगळी येते.

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस आन्सकोम्ब यांचे १९७३चे आकडे घ्या. क्षची सरासरी ९, यची ७.५, सहसंबंध गुणांक (क्ष आणि य किती सरळ रेषेत चालतात ते −१ ते +१ मध्ये सांगणारा आकडा) ०.८१६, समीकरण य = ३ + ०.५क्ष. य = ९ ठेवून हे उलटवलं तर क्ष १२ येतो. पण दोन्ही रिग्रेशन गुणांकांचा (म्हणजे य काढायच्या समीकरणात क्षला आणि क्ष काढायच्या समीकरणात यला गुणणाऱ्या आकड्यांचा) गुणाकार म्हणजे सहसंबंध गुणांकाचा वर्ग, इथे ०.६६६. त्याला ०.५ने भागलं की दुसरा गुणांक १.३३. रेषा दोन्ही सरासऱ्यांतून जाते, म्हणून क्ष = १.३३य − १, आणि उत्तर ११. हा फरक सहसंबंध +१ किंवा −१ असेल तेव्हाच मिटतो. दोन समीकरणं देऊन कुठलं कोणतं ते ओळखायला सांगितलं असेल, तर हाच गुणाकार करा; १च्या वर गेला की अदलाबदल झालीय.

आणि कृपा करून आधी आलेख काढा! आन्सकोम्ब यांच्या चार संचांत वरचे आकडे जवळपास तेच आहेत, पण दुसऱ्यात बिंदू रेषेवर नाही, वक्रावर बसतात. चौथ्यात दहा बिंदू क्ष = ८वर आणि एकटा १९वर. तो एक काढला की क्षचं विचरण (आकड्यांची पसरण) शून्य, उतार काढताच येत नाही.