राजघराण्याचं बुटीक आणि कापलेल्या चंदेऱ्या

दौलतगंजकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं की आपल्याकडच्या एका राजघराण्यातल्या बाई जुन्या चंदेऱ्यांची जॅकेटं करून विकतात, म्हणून ग्वाल्हेरची कला टिकून आहे. अहो, काहीही काय! नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. जॅकेटला लागतं दोन-सव्वादोन मीटर, तेही काठ-पदराकडचं. उरलेल्या अंगाच्या चिंध्या. बरं, चंदेरीचा ताणा, म्हणजे उभा धागा, डिंक न काढलेल्या रेशमाचा, म्हणूनच ती पारदर्शक आणि कडक असते. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली की आधी तोच चिरतो. त्यावर या बाई फ्यूजिंग, म्हणजे गोंद लावलेलं अस्तर, चिकटवून गरम इस्त्री फिरवतात. गोंद वर झिरपतो, डाग पडतात, ड्रायक्लीनिंगनंतर फुगे येतात. याला जतन म्हणायचं?

मुरारची लेक:
फ्यूजिंग चूकच, त्यावर वाद नाही. पण कपाटात तरी काय होतं? डांबराच्या गोळ्या, काळा पडलेला काठ, आणि शेवटी जरीतल्या चांदीसाठी जाळणं. त्यापेक्षा जॅकेट बरं. खाली मलमल घ्या, दोन्ही थर कच्च्या टाक्यांनी धरा, मशीनला नऊ किंवा अकरा नंबरची सुई, टाका दोन मिलीमीटरचा, माया दीड सेंटीमीटर, कडा आत घेऊन दुहेरी शिवण. मुंढा मात्र सैलच हवा, ताण आला की तिथेच धागे सरकतात.

दौलतगंजकर:
जाळणं वाईट म्हणून कापणं चांगलं? दर तीन महिन्यांनी घडी बदला, सुती कापडात गुंडाळा. फुकटचं काम आहे, तेही होत नाही लोकांकडून.

तिल्ली:
जुन्यांचं सोडा, त्याच दुकानातली नवी ‘शाही चंदेरी’ उलटी करून बघा. हाताने काढलेल्या बुटीत आडव्या रांगेत जितक्या बुट्या तितक्या तिल्ल्या (धागा गुंडाळलेल्या छोट्या काड्या), मागे कापलेला धागा नसतो. यंत्रमागावर धागा सलग जातो, मग कापतात, मागे खरखरीत टोकं राहतात. २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी घराण्याच्या नावावर नक्कल खपते!

जिवाजीगंज:
टोकं दिसली की यंत्रमाग, हे साफ चूक. बनारसला कढुआ (एकेक बुटी वेगळी विणलेली) आणि कापलेली बुटी, दोन्ही हातमागावर होतात. अर्धवट माहितीवर कुणाला चोर ठरवू नका.

तिल्ली:
बनारसचं बनारसला! आपण चंदेरीबद्दल बोलतोय. बरं, नुसत्या टोकांवरून ठरवू नये, एवढं मान्य. मग बिलावर ‘हातमाग’ लिहून मागा. लिहून देत नसतील तर समजून जा.

मुरारची लेक:
राजघराण्यांचा एवढा राग कशाला? होळकरांनी महेश्वरला विणकरांसाठी रेहवा सोसायटी काढली, तिथल्या बायका पुन्हा मागावर बसल्या.

दौलतगंजकर:
तेच तर म्हणतोय! तिथे माग चालू केले, इथे कात्री चालते. उलट बडोद्याच्या इंदिराराजे बघा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न मोडून १९१३ साली कूचबिहारच्या राजघराण्यात लग्न करून गेल्या आणि फ्रेंच शिफॉन रूढ केलं. राजघराण्याने नेसलं की बाजार तिकडे वळतो. म्हणून या बाईंची जबाबदारी जास्त. फाटकी, जोडताच न येणारी साडी कापा, तेवढं सोडतो. धडधाकट नऊवारीला हात लावायचा नाही, आणि जॅकेटच्या नफ्यातून चंदेरीच्या विणकराला नव्या साडीची आगाऊ रक्कम द्या.