मदत हवी आहे: मायग्रेशन अर्ध्यात मेलं, आता 'कॉलम आधीच आहे' म्हणतंय (जँगो, मायएसक्यूएल ८.०)

फोंडेकर:

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाची छोटी वेबसाइट सांभाळतो. महाजनांची (देवस्थानाच्या हक्कदार घराण्यांतल्या सभासदांची) यादी, सेवांच्या पावत्या, अग्रशाळेतल्या (भक्तनिवासातल्या) खोल्या एवढाच पसारा. कोड जँगोत (पायथनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क), डेटाबेस मायएसक्यूएल; दोन्ही आधीच्या माणसाकडून माझ्याकडे आलं. जत्रा तोंडावर आलीय आणि नेमकं आत्ताच हे अडकलंय.

महाजनांच्या टेबलात सगळा पत्ता एकाच रकान्यात होता. समितीला गावाप्रमाणे यादी हवी होती. म्हणून गावांचं वेगळं टेबल केलं. ते मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी जँगोची फाइल), ००११, नीट गेलं. ००१२ मध्ये तीन कामं आहेत: महाजन टेबलाला गावाची फॉरिन की (गावांच्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम) लावायची, जुन्या पत्त्यातून गाव ओळखून ती भरायची, आणि मग कॉलम नॉट नल (रिकामा चालणार नाही असा) करायचा. लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आहे, तिथे सगळं सुरळीत. सर्व्हरवर मात्र भरण्याच्या पायरीला 'डझनॉटएक्झिस्ट' (अशी नोंदच नाही) आलं. जुन्या नोंदींत एकच गाव कुठे बांदोडा तर कुठे बांदिवडे, तसंच म्हार्दोळ आणि मार्दोळ. ते जुळवून परत मायग्रेट चालवलं, तर एरर १०६०, डुप्लिकेट कॉलम नेम.

वेबसाइट सध्या जुन्या कोडवर परत नेलीय, पावत्या फाटताहेत. त्यामुळे आधीचा बॅकअप परत चढवला तर मधल्या पावत्या जातील, तो रस्ता बंद. --फेक मारून (न चालवताच 'झालं' अशी नोंद करून) मोकळा होऊ का? की कॉलम हाताने उडवू?

आधी_बॅकअप:

फेक मारू नका, थांबा. आहे त्या ००१२ ला फेक केलं तर जँगो तिन्ही कामं झाली असं धरून चालेल. गावं रिकामी राहतील, कॉलम नॉट नल होणार नाही, आणि मॉडेल (कोडमधलं टेबलाचं वर्णन) एक सांगतंय नि टेबल दुसरंच, हे पुढच्या माणसाला शोधत बसावं लागेल.

आधी हे बघून इथे टाका: शोमायग्रेशन्समध्ये (लागलेल्या मायग्रेशनसमोर फुली दाखवणारी जँगोची यादी) ००१२ समोर फुली आहे का, शो क्रिएट टेबल (टेबलाची रचना दाखवणारी मायएसक्यूएलची आज्ञा) केल्यावर महाजन टेबलात गावाचा कॉलम कसा दिसतो, आणि त्यात किती ओळी भरल्यात.

फोंडेकर:

फुली नाही. कॉलम आहे, नल चालतो, फॉरिन कीचं कन्स्ट्रेंटही (बंधनही) आहे. गंमत म्हणजे सगळ्या ओळी रिकाम्या! एरर तर बऱ्याच ओळी पार केल्यावर आली होती, लॉगमध्ये दिसतंय. मग भरलेल्या गेल्या कुठे?

सासष्टीची_सून:

त्या परत फिरवल्या गेल्या, आणि ते बरंच झालं. मायएसक्यूएलमध्ये अल्टर टेबलसारखी आज्ञा दिली की तिथल्या तिथे कमिट होतं (बदल कायम होतो), मागे घेता येत नाही. ८.० मध्ये अॅटॉमिक डीडीएल (रचना बदलणारी आज्ञा पूर्ण तरी होते, नाहीतर अजिबात नाही) आलं खरं, पण ते एका आज्ञेपुरतं. तुमच्यासारख्या तीन पायऱ्यांच्या फाइलला त्याचा उपयोग नाही. उलट एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस अख्खं मायग्रेशन एका ट्रँझॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा गटात) घेतात. अशा डेटाबेसवर मधे फसलं तर कॉलमही उरला नसता.

आणि ओळींचं म्हणाल तर मायएसक्यूएलवर जँगो रनपायथनची (पायथन कोड चालवणारी, म्हणजे तुमची भरण्याची) पायरी स्वतंत्र ट्रँझॅक्शनमध्ये चालवतो. म्हणून कॉलम राहिला, आतला डेटा गेला. यादी अर्धी भरलेली राहिली असती तर खरी डोकेदुखी होती.

माझा सल्ला: बॅकअप घ्या, कॉलम काढा, दुरुस्त केलेलं ००१२ परत चालवा. आधी फॉरिन की काढा, मग कॉलम, नाहीतर एरर १८२८ (फॉरिन कीला लागणारा कॉलम काढता येत नाही) येईल.

आधी_बॅकअप:

ताईंचं स्पष्टीकरण बरोबर, उपाय मला पटत नाही. परत कुठे वेगळं नाव निघालं की पुन्हा इथेच येणार. शिवाय चालू टेबलावर हाताने कॉलम उडवायचा, तोही जत्रेच्या तोंडावर? त्यापेक्षा ००१२ ची फाइल तोडा. ००१२ मध्ये फक्त कॉलम जोडणं, ००१३ मध्ये भरणं, ००१४ मध्ये नॉट नल. मग नव्या ००१२ चं एसक्यूएलमायग्रेट (ती फाइल डेटाबेसला कोणत्या आज्ञा देईल ते) काढून टेबलातल्या कॉलमशी ताडून बघा. प्रकार, नल, कन्स्ट्रेंट सगळं जुळलं तर फक्त ००१२ ला --फेक. हे फेक चालतं, कारण त्या फाइलीत जे लिहिलंय ते खरंच झालेलं आहे.

००१३ असं लिहा की कितीदाही चालवलं तरी बिघडू नये: गाव नल असलेल्या ओळीच घ्या, जुळलं तर भरा, न जुळलं तर एरर न देता नाव वेगळ्या यादीत टाका. मॉडेल थेट इंपोर्ट करू नका, अॅप्सच्या गेटमॉडेलने घ्या (त्या मायग्रेशनच्या वेळचं मॉडेल मिळतं). नाहीतर वर्षभराने मॉडेल बदललं की हेच जुनं मायग्रेशन नव्या सर्व्हरवर फुटेल. लॅपटॉपवर जुनं ००१२ लागलंय, तरी तिथे ००१३ ला भरायला काही सापडणार नाही, अडचण नाही.

सासष्टीची_सून:

मान्य, हे जास्त सुरक्षित आहे. एक भर घालते. जुळणी करण्याआधी मजकुरातले न दिसणारे जोडचिन्हांचे कोड काढून टाका. फोनवर टाइप केलेल्या देवनागरीत ते येतात, डोळ्यांना दोन्ही 'प्रियोळ' सारखेच, तुलनेत वेगळे. युनिकोड नॉर्मलाइझ केल्याने ते जात नाहीत, वेगळे काढावे लागतात.

आणि नॉट नल हवंच कशाला? कारवार, मंगळूर, केरळापर्यंत पांगलेली घराणी आहेत. एखाद्याचं गाव तुमच्या टेबलात नसेल तर कारकून यादीतलं पहिलं गाव ठोकून देईल आणि पुढे जाईल.

फोंडेकर:

हा मुद्दा लक्षातच आला नव्हता. समितीची निवडणूक याच यादीवर होते, चुकीचं गाव छापून आलं तर सभेत रान उठेल.

तर असं केलं: मायएसक्यूएलडंप --सिंगल-ट्रँझॅक्शनने बॅकअप, तो लॅपटॉपवर मायएसक्यूएल टाकून त्यावर उतरवला, आधी तिथे रंगीत तालीम. फाइल तोडली, एसक्यूएलमायग्रेट जुळलं, ००१२ फेक, ००१३ चाललं. तालमीत न दिसणारे कोड खरंच सापडले, विशेषतः पावत्यांच्या काउंटरवरून भरलेल्या नोंदींत. मग रात्री काउंटर बंद झाल्यावर सर्व्हरवर तेच. न जुळलेल्या नावांची यादी छापून चिटणिसांकडे दिलीय, ते जुन्या वहीशी ताडून सांगतील. ००१४ काढूनच टाकलं.

आता लॅपटॉपवरचं एसक्यूलाइटही बंद, सर्व्हरवर आहे तेच ८.० तिथे. देव बरें करूं दोघांचंही.

आधी_बॅकअप:

लॅपटॉपवर उतरवलेल्या त्या बॅकअपमध्ये महाजनांचे फोन नंबर आणि पत्ते असतील. काम झालंय, तर तिथून पुसा.