पावसात गाडीचा हॉर्न आपोआप वाजतो, बॅटरी दोन दिवसांत उतरते. मॉड्यूल खरंच गेलंय का?

सावंतवाडीकर_बाई

नमस्कार. मी शिक्षिका आहे. सावंतवाडीहून कुडाळजवळच्या शाळेत रोज गाडीने जाते-येते. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, सनरूफ वगैरे नाही. घरासमोर जांभळाखाली उभी असते.

गेल्या आठवड्यात रात्री अडीचला हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. आमचे हे छत्री घेऊन धावले, बॅटरीची तार काढली तेव्हा कुठे आळी शांत झाली. सकाळी शेजारच्या आजी विचारतात, "बाई, गाडयेत भूत शिरला हा की काय?"

तेव्हापासून रोज काहीतरी नवीन. सेंट्रल लॉक आपणहून खटखट करतं. डावा इंडिकेटर दिला की वायपर एकदा फिरतो. शनिवारी लावलेली गाडी सोमवारी सुरू होत नाही. बॅटरी अवघी सात महिन्यांची. दोन दिवस ऊन पडलं की सगळं शहाण्यासारखं चालतं. गाडी पुरात कधीच गेलेली नाही.

वर्कशॉपने निदान केलं की बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे हॉर्न, लॉक, वायपर, इंडिकेटर सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा गेलाय, नवीन घाला, २७ हजार. पाणी आलं कुठून विचारलं, तर "मॅडम, पावसाळ्यात होतं असं." हे उत्तर मी चौथीच्या मुलाकडूनही चालवून घेत नाही. नवं घातलं आणि तेही भिजलं तर? शिवाय गाडीत ओल्या गोणपाटासारखा वास येतो, तो वेगळाच.

डोंबिवली_फास्ट

माझा मोबाइल पाण्यात पडला होता, तांदळाच्या डब्यात ठेवला आणि वाचला. मॉड्यूल काढून तसंच करून बघा. किंवा डब्ल्यूडी-४० मारा, सगळ्यावर चालतं.

उद्यमनगर_वायरमन

बाई, तांदूळ भाकरीला ठेवा. मोबाइल तांदळाने नाही, बंद राहिला म्हणून वाचला असणार. आणि तो स्प्रे बिजागरीला झकास, पण कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, तेलकट थर ठेवतो, त्यावर धूळ बसते.

मी कोल्हापुरात उद्यमनगरला तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेने जे केलं, त्यानंतर महिनोन्महिने दुसरं कामच नव्हतं. पण खरं सांगू? पुराच्या गाडीचं निदान सोपं. पाण्याची रेघ सीटवरच दिसते. तुमच्यासारखी, चोरपावलांनी भिजणारी गाडीच डोकं खाते.

आज रात्री एकच करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. नुसतं पाणी सावकाश खातं, पाण्यात करंट असला की आठवड्यात पिन गिळतं. भिजलेला कपलर उघडला की मी आधी बघतो कुठली पिन हिरवी झाली आहे. पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की कसं कळकतं, तसा हिरवा कळंक असतो. आणि सगळ्यात जास्त खाल्लेली पिन जवळजवळ दर वेळी तीच निघते, जिच्यावर चावी काढल्यावरही बॅटरीचा पॉझिटिव्ह असतो. शेजारची अर्थची पिन बघावी तर बऱ्यापैकी धड.

त्या कळंकातून आणि ओलीतून करंट एका पिनवरून दुसऱ्यावर झिरपतो. मॉड्यूलला वाटतं कुणीतरी हॉर्नचं बटण दाबलंय. म्हणून इंडिकेटर दिला की वायपर फिरतो. भूत नाही, शेजार आहे.

आता पाणी कुठून येतं ते तुम्हीच शोधू शकता. डाव्या सीटपुढचं मॅट काढा आणि कार्पेट वरून नाही, खालून चाचपा. वरचं कापड कोरडं वाटतं, पण त्याखाली दोन बोटं जाड फोम असतो, तो पाणी पिऊन महिनाभर तसाच राहतो. ओलं निघालं तर पांढरा टिश्यू दाबून बघा.
- चिकट आणि गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे हीटरची गळती.
- स्वच्छ पाणी, आणि एसी लावल्यावरच येत असेल तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलीय.
- फक्त पावसात येत असेल आणि बरोबर माती किंवा कुजका पाला असेल, तर वायपरखालची जाळी बघा.

जांभळाखाली उभी असते म्हणालात, म्हणून मी तिसऱ्यावर पैज लावतो. काचेवरचं पाणी त्या जाळीखालच्या पन्हळीतून दोन्ही कडेच्या भोकांनी चाकामागे उतरतं. भोकं पाल्याने बंद झाली की पन्हळ भरते, आणि केबिनचा ब्लोअर जिथून हवा ओढतो तिथून पाणी आत. तिथून ते डाव्या पायाशी.

खात्री करायला दोघं लागतात. एकाने आत टॉर्च घेऊन डॅशखाली डोकं घालायचं, दुसऱ्याने तांब्याने काचेवर पाणी सोडायचं. प्रेशर पंप नको, त्याने जिथून गळत नाही तिथूनही गळेल. पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर हात लावू नका, मीटरही लावू नका. ते एअरबॅगचे.

सावंतवाडीकर_बाई

काका, तुम्ही पैज जिंकलात. रविवारी जाळी काढली. आत ओंजळभर जांभळाच्या बिया, चिखल झालेला पाला आणि बोटभर उंचीचं पिंपळाचं रोप! दोन पानं होती त्याला. आमच्या ह्यांनी तांब्या ओतला, आणि मी आतून बघतेय तर दहाव्या सेकंदाला ग्लोव्ह बॉक्समागून धार सुरू. ती थेट काळ्या डब्याच्या कपलरवर पडत होती. तोच तो २७ हजारांचा डबा.

कार्पेट उचलून फोम पिळला, अर्धी बादली पाणी निघालं. भाऊ आयटीआयला शिकवतो, त्याने मीटर लावला. गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो, तरी ०.३८ अँपिअर जात होते. हे खूप आहे का? डबा उघडू का?

उद्यमनगर_वायरमन

खूपच. झोपलेल्या गाडीने ०.०५ च्या आत राहायला पाहिजे. तुमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असणार. ०.३८ ने दिवसाला ९ जातात, दोन दिवसांत निम्मी संपली. शनिवार-सोमवारचा हिशोब इथेच लागला. भावाला सांगा, मीटर असा लावलेला असताना स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. आणि फ्यूज उपसत बसू नका, उपसताना गाडी जागी होते. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मिलिव्होल्ट मोजा. जिथे आकडा दिसतो, तिथून करंट जातोय.

डबा उघडा. निगेटिव्ह काढून पंधरा मिनिटं थांबा, मग कपलर काढा. काढायच्या आधी फोटो. आत पावसाचंच पाणी गेलंय, गाळ नाही, हे नशीब. पुराच्या बोर्डाला मी आधी बॅटरीत टाकतात त्या डिस्टिल्ड वॉटरने धुतो, तुम्हाला सरळ आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. जुन्या टूथब्रशने हळू घासा. पिनांना पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा गेला की दुसऱ्या पावसात पुन्हा हिरवं. हेअर ड्रायरही गरम नको, पंख्याखाली दोन दिवस ठेवा.

मग भिंगाने बघा. बोर्डावरची तांब्याची रेघ काळी पडून तुटली असेल तर जोडता येते. आमच्याकडे दहात सहा-सात तरी धुऊन, एखादी रेघ जोडून चालू होतात. प्रोसेसरच्या पायांखाली कळंक गेला असेल तर मात्र वेळ घालवू नका. भंगारातला डबा मिळतो, पण तो तुमच्या चावीला ओळखणार नाही. इमोबिलायझरचं, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, कोडिंग करणारा आधी गाठा, मगच पैसे द्या.

एक गोष्ट सगळे विसरतात. कपलरमधल्या वायरीचं कव्हर अर्धा इंच सोलून बघा. पाणी तांब्याच्या केसांमधून वातीसारखं वर चढतं. तार काळी असेल तर चकचकीत लागेपर्यंत कापत जायचं आणि नवा तुकडा जोडायचा. परत लावताना वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पुढचं पाणी कपलरवर न येता झोळातून ठिबकेल.

पुण्याचा_सर्व्हेअर

बाईंच्या गाडीला नव्हे, बाकीच्यांसाठी. पुराचं नुकसान स्वतःच्या गाडीच्या विम्यात धरतात, पण पाण्यातून काढलेली गाडी सेल मारून इंजिन वाकवलं तर ते वेगळं मोजतात. त्यासाठी इंजिनचं जादा कव्हर लागतं. गाडी ढकला, टो करा, चावी फिरवू नका. पाला अडकून झालेली गळती मात्र देखभालीत जाते, क्लेमच्या नादी लागू नये.

सावंतवाडीकर_बाई

अकरा दिवसांनी लिहितेय. डबा धुतला. एक रेघ तुटली होती, भावाने केसाएवढ्या तारेने जोडली. दोन वायरी वीतभर कापाव्या लागल्या, अगदी काळ्याकुट्ट. कार्पेट गच्चीत, म्हणजे पत्र्याखाली, सहा दिवस वाळत होतं. फोम अजून जरा दमट आहे. रात्रीचा करंट ०.०२. एकूण खर्च ६४० रुपये आणि भावाला दोन वेळा बांगड्याचं जेवण. पिंपळ कुंडीत लावलाय, टाकवेना.

एक उरलंय. मागच्या डाव्या दाराची काच बटणाने खाली जात नाही. तेही याच डब्यातून आहे का?

उद्यमनगर_वायरमन

०.०२ म्हणजे गाडी गाढ झोपली. काचेचं आधी दाराच्या खांबापाशी बघा. दार उघडलं की रबराचा काळा पाइप दिसतो, त्यातून वायरी दारात जातात. रबर चिरलं असेल तर आत पाणी आणि तुटलेली तार दोन्ही सापडतील. पाइप मागे सरकवून फोटो टाका. आणि गाडी जांभळाखालून हलवा, निदान जूनभर तरी.