१२३४५६७८९८७६५४३२१ : गुण संख्येचे की लेखनाचे?

धागाकर्ता
नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना, त्या ज्या रेल्वे स्थानकावर सुचल्या त्याच्या नावावरून, डेम्लो संख्या म्हटले. ही संख्या ८१, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार आहे, तिला ४५ विभाजक आहेत आणि स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा कमी भरत असल्याने ती न्यून संख्या ठरते. हे गुण कोणत्याही लिपीत, कोणत्याही पायावर (म्हणजे दहाऐवजी बारा, सोळा अशा कितीही अंकचिन्हांनी संख्या लिहिली तरी) टिकतात. याउलट ती उलटी वाचली तरी तीच राहते आणि अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, तिला भाग जातो म्हणून ती ‘हर्षद’ आहे, ही वर्गवारी दशमान लेखनाची आहे; तिला संख्येचा गुणधर्म म्हणू नये, असे माझे मत आहे. ८७१२ आणि ९८०१ या संख्या आपल्या उलट्या रूपाच्या चौपट व नऊपट आहेत, यात गणितज्ञाला रस वाटण्यासारखे काही नाही, असे इंग्लिश गणितज्ञ जी. एच. हार्डींनीही लिहिले होते.

प्रतिसाद १
असहमत. आपण हातच्याचा विचार केलेला दिसत नाही. गुणाकार मांडला की मधल्या स्तंभात नऊ एकांची बेरीज येते आणि दहाच्या पायात नऊ हा सर्वांत मोठा अंक असल्याने हातचा येत नाही. पाया दहा किंवा अधिक कितीही असो, नऊ एकांचा वर्ग हीच अंकमाला देतो. दहा एकांचा वर्ग दशमानात १२३४५६७९००९८७६५४३२१ होतो आणि डौल मोडतो. तो का मोडतो, हे समजणे हेच गणित आहे. हार्डींचेच म्हणाल, तर रामानुजनांना भेटायला ते ज्या टॅक्सीने गेले, तिचा १७२९ हा क्रमांकही हर्षदच निघाला: अंकांची बेरीज १९ आणि १९ × ९१ = १७२९.

प्रतिसाद २
टॅक्सीचा दाखला गमतीदार आहे, पण रामानुजनांनी त्या संख्येत पाहिले ते दोन वेगवेगळ्या प्रकारे मांडता येणारी दोन घनांची बेरीज, आणि ती पायावर अवलंबून नाही. शिवाय बाराच्या पायात हीच अंकमाला लिहिली, तर शेवटचा अंक एक असल्याने बाराने भागून बाकी एक उरते, म्हणजे तीननेही भाग जात नाही, मग ८१ ने कसा जाईल? अंकमाला टिकली, पण हर्षदपण गेले.

प्रतिसाद १
गेले खरे, पण सोळाच्या पायात ते पुन्हा मिळते. पायाला तीनने भागून बाकी एक उरत असेल, तर नऊ एकांच्या संख्येला नऊने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने. हा योगायोग नसून प्रमेय आहे. सलग एकवीस हर्षद संख्या दशमानात असूच शकत नाहीत, हेही १९९३ मध्ये सिद्ध झाले आहे. ज्यातून सिद्धता निघतात, त्याला नुसता खेळ म्हणणे मला पटत नाही.

धागाकर्ता
प्रमेय मान्य आहे. मात्र ते नऊ एकांविषयी आणि पायाविषयी आहे. सोळाच्या पायात आपण जिचे उदाहरण दिले, ती संख्या मुळात निराळीच आहे.