हॉट एअर इंजिन दोन-चार फेरे मारतं आणि बंद पडतं, कुठे अडत असेल?

लेथवाले_काका (चिंचवड):

नमस्कार मंडळी. टूलरूममध्ये आयुष्य गेलं, आता रिटायर झालोय आणि घरच्या पार्किंगमध्ये एक जुना बेंच लेथ, एक पिलर ड्रिल आणि माझी मोजमापाची पेटी एवढ्यावर छोटी इंजिनं बनवायचा नाद लागलाय. पहिला वॉबलर (सिलिंडरच डुलणारं वाफेचं छोटं इंजिन) केला, कंप्रेसरच्या हवेवर मस्त पळतो, नातू खूश. मग म्हटलं आता स्टर्लिंग म्हणजे ते हॉट एअर इंजिन करू, व्हॉल्व्ह नाही, कार्ब्युरेटर नाही, स्पिरिटचा दिवा लावला की चालायला पाहिजे. पण कसलं काय! चांगलं तापू देतो, फ्लायव्हीलला हाताने झटका दिला की दोन-चार फेरे मारतं, वाटतं आता घेतलं, आणि गप्प.

डिटेल देतो. गामा टाइप आहे, म्हणजे पॉवर पिस्टन आणि हवा गरम-थंड टोकांमध्ये ढकलणारा डिस्प्लेसर, दोघांचे सिलिंडर वेगळे. पॉवर पिस्टन १६ मिमी बिडाचा (कास्ट आयर्न), त्याचा सिलिंडर पितळी, लीक नको म्हणून पिस्टनला एक ओ-रिंग (रबरी कडं) टाकलीय. डिस्प्लेसरचा सिलिंडर एमएसच्या (साध्या पोलादाच्या) बारमधून एका पीसमध्ये काढला, भिंत ३ मिमी, थंड टोकाला फिन्स (उष्णता सोडणाऱ्या पात्या) पाडल्यात. दोन क्रँकमध्ये ९० डिग्री, इंडेक्सिंग हेडवर (कोन मोजून फिरवायच्या साधनावर) सेट केलंय त्यामुळे तिथे शंका घेऊ नका. बेअरिंगं नवीन, सील्ड. मापात कुठे काही नाही हे छातीवर हात ठेवून सांगतो. मग अडतंय कुठे?

गरम_हवा:

काका, तुमच्या पोस्टमध्येच तीन चोर बसलेत.

पहिला ओ-रिंग. एवढ्या इंजिनाची ताकद किती, चांगलं जमलं तर एखाद-दोन वॉट, नाहीतर तेवढीही नाही. ती सगळी ओ-रिंग घासण्यात जाते. या इंजिनात रिंग नाही, ओ-रिंग नाही, नुसता लॅप केलेला (बारीक पेस्टने घासून जुळवलेला) फिट. टेस्ट सोपी आहे, पिस्टन-सिलिंडर सुटं करून कोरडं पुसा, सिलिंडर उभा धरा, खालचं तोंड बोटाने दाबून ठेवा आणि वरून पिस्टन सोडा. हवेवर तरंगत हळूहळू उतरला पाहिजे. बोट काढलं की स्वतःच्या वजनाने टपकन खाली. तरंगत नसेल तर लीक आहे, टपकत नसेल तर घासतोय. दोन्ही जमलं तरच पुढे जा. आणि तेल घालायचा मोह टाळा, जाड तेल पण ब्रेकसारखंच काम करतं.

दुसरा बेअरिंगं. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरलेलं असतं आणि सीलचा ओठ रेसवर घासतो. सील सुईने उचकटून काढा, पेट्रोलमध्ये धुवा (दिवा लांब ठेवून, हे सांगायला नको तुम्हाला), शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, बस. नंतर कनेक्टिंग रॉड सोडवून नुसतं फ्लायव्हील फिरवून बघा किती वेळ फिरतं, धुण्याआधीचा आणि नंतरचा फरक बघून तुम्हीच हसाल.

तिसरा सगळ्यात मोठा, तो ३ मिमीचा एमएस सिलिंडर. हे इंजिन गरम टोक आणि थंड टोक यांच्यातल्या फरकावर चालतं. एमएसमधून उष्णता स्टेनलेसच्या साधारण तिप्पट वाहते. वर भिंत ३ मिमी, जिथे अर्धा मिमी पुरते, म्हणजे आणखी सहापट. तीन सक अठरा. दिव्याची उष्णता हवेला मिळायच्या आधी भिंतीतून थेट तुमच्या फिन्सकडे पळते. सुरुवातीला थंड टोक थंड असतं म्हणून दोन-चार फेरे मिळतात, मग दोन्ही टोकं तापली की खेळ खलास. झटका देऊन थांबल्यावर फिन्सना हात लावून बघा, चटका बसत असेल तर हेच.

ईडीएम_बाबा:

वरच्याशी सहमत, फक्त एक भर घालतो. बिडाचा पिस्टन पितळी सिलिंडरमध्ये नका ठेवू. पितळ तापल्यावर बिडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. १६ मिमीवर तापमान ५० डिग्रीने वाढलं की क्लिअरन्स सातेक मायक्रॉनने वाढतो, आणि आपण फिटच मुळात दहा मायक्रॉनच्या आसपास ठेवणार. म्हणजे टेबलवर टेस्ट पास आणि दिव्यावर फेल. बिडात बीड लॅप करा.

किंवा काका, टूलरूमवाले आहात तर ईडीएमच्या (ठिणगीने धातू कापणाऱ्या मशीनच्या) इलेक्ट्रोडचं ग्रॅफाइट आठवतंय ना? त्याचे तुकडे भंगारात जातात, ओळखीने मागून आणा. पिस्टनला याच्यासारखं मटेरियल नाही, हलकं, तेल लागत नाही, तापल्यावर फुगतं थोडंच. टर्न करताना व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड टूलपाशी धरा आणि बेडवर ओला कपडा टाका, ती काळी पावडर स्लाइडमध्ये गेली तर लेथचं वाटोळं.

उद्यमनगर_वाला (कोल्हापूर):

काका नाद खुळा! विषय थोडा सोडून बोलतो पण स्टर्लिंग झालं की लिस्टर टाइपच्या जुन्या डिझेल इंजिनाचं छोटं मॉडेल घ्या करायला, ते ६५० आरपीएमचं पुक पुक करणारं, आमच्याकडं उसाला पाणी त्यानंच पाजलंय. फक्त कास्टिंगचं आधी ऐका. फाउंड्रीवाला टनात वितळवतो, एका फ्लायव्हीलसाठी कोण विचारत नाही, पण ओळख असली आणि तुमचा पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) तयार असला तर हीटमधलं (त्या वेळच्या वितळीतलं) उरलेलं मटेरियल ओतून देतात, फार तर चहा पाजावा लागतो. पॅटर्न करताना बिडाला एक टक्का आकसण धरा, वर मशिनिंगचा अलाउन्स वेगळा. आणि पातळ स्पोक, पातळ कडा ठेवू नका, छोट्या कास्टिंगमध्ये बीड पटकन थंड होऊन चिल धरतं, वरचा थर काचेसारखा होतो, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल नुसतं घसरतंय मग. तसं झालं तर ॲनिलिंग (तापवून सावकाश थंड) करून घ्या, टूल जाळत बसू नका.

वाफ_आणि_धूर:

सगळे हॉट एअरवर बोलतायत पण काकांचा वॉबलर आज हवेवर आहे, उद्या नातू म्हणेल आजोबा वाफेवर चालवा. तेव्हासाठी लिहून ठेवतो. बॉयलर तांब्याचाच, जोड सिल्व्हर ब्रेझिंगचे (चांदी असलेल्या कडक झाळाचे). कथलाचा झाळ अजिबात नको, पाणी आटलं की तो आधी वितळतो. पितळी नळीचाही बॉयलर नको, गरम पाण्याने पितळातलं जस्त जातं आणि वरून चकचकीत दिसणारी नळी आतून ठिसूळ होते. २५ लिटरच्या आतला बॉयलर आपल्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, म्हणजे इन्स्पेक्टर येणार नाही, टेस्ट आपणच करायची. थंड पाणी काठोकाठ भरून हातपंपाने वर्किंग प्रेशरच्या दुप्पट, हवेने कधीच नाही. पाण्याची टेस्ट फुटली तर नुसती पिचकारी उडते, हवेची फुटली तर पत्रा उडतो.

बाकी ते स्टर्लिंग १८१६ ला पेटंट घेणाऱ्या एका स्कॉटिश पाद्र्याचं डोकं, हे वाचलं तेव्हा मला फार मजा वाटली होती. लोकांचे बॉयलर फुटायचे त्या काळात.

लेथवाले_काका:

सगळ्यांचे आभार. ओ-रिंग काढली, बेअरिंगं धुतली. बोटाची टेस्ट केली, पिस्टन तरंगतोय. आता जास्त वेळ फिरतं पण शेवटी थांबतंच, आणि हो, फिन्सना चटका बसतो. त्यामुळे तो एमएस सिलिंडर बाजूला. ओ-रिंगबद्दल मात्र माझं मत आहे की मोठ्या इंजिनात ती चालली असती, असो. स्टेनलेसची २५ मिमी नळी मिळाली, भिंत एक मिमी आहे, ती अर्ध्यावर आणायची तर चकमध्ये धरली की नळी तीन जॉमध्ये तिकोनी होतेय. कोणी केलंय का हे?

गरम_हवा:

आतून ॲल्युमिनियमचा प्लग टर्न करून घट्ट बसवा, नळीपेक्षा लांब, चकने प्लगला धरायचं, नळीला नाही. दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार. टूल एकदम धारदार, कट हलका पण सोडून सोडून नको, स्टेनलेसवर टूल नुसतं घासलं की वरचा थर कडक होतो मग पुढचा कट बसत नाही. बंद टोकाची टोपी नंतर सिल्व्हर ब्रेझ करा. डिस्प्लेसर आणि भिंत यांच्यात बाजूला अर्धा ते एक मिमी गॅप ठेवा, तिथे मात्र टूलरूमची सवय सोडा, घट्ट करू नका, हवेला तिथूनच ये-जा करायचीय.