ऑर्किडची कुंडी आणि पाणी: पहिल्यांदाच लावतेय, सल्ला द्या

खिडकीतली_बाग:
मंडळी, मदत पाहिजे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून एक डेंड्रोबियम आणलं आणि नंतर वाढदिवसाला फॅलेनॉप्सिस मिळालं, ते मोठ्या जांभळ्या फुलांचं असतं ना ते. त्याची फुलं आत्ता गळली, पानं टवटवीत आहेत पण मुळं कुंडीबाहेर लोंबायला लागलीत. कोथरूड, चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी, सकाळी दहापर्यंत ऊन. सासूबाई म्हणतात शेणखत घालून चांगल्या मातीत लाव, दुकानदार म्हणाला रोज अर्धा कप पाणी, व्हिडिओतली बाई बर्फाचे खडे ठेवतेय. ऐकू कुणाचं? गुलाब-मोगरा जमतो मला, हे प्रकरण नवीन आहे.

आळशी_माळी:
सासूबाईंना नमस्कार सांगा पण माती नको. शेणखत तर त्याहून नको. बाकी जाणकार सांगतीलच, मी आपला वाचत बसतो.

सोनटक्का:
माती का नको ते कळलं की पाण्याचं पण आपोआप कळतं म्हणून तिथूनच सुरू करते. ही झाडं रानात दुसऱ्या झाडाच्या फांदीवर वाढतात. मे-जूनमध्ये आंबोलीकडे गेलात तर सीतेची वेणी, आपलं रानातलं ऑर्किड, फुललेली बघा, मुळं नुसती सालीला चिकटलेली असतात, निम्मी तर हवेतच. पाऊस आला की चिंब भिजायचं आणि वारा सुटला की सुकायचं. त्या मुळांवर पांढरट स्पंजसारखं आवरण असतं, ते पाणी झटकन शोषून घेतं, पण सतत ओलं राहिलं की आत हवा जात नाही आणि मूळ कुजतं. त्यामुळे कुंडी मूळ धरून ठेवायला आणि त्याला हवा मिळायला, एवढंच समजा.

आता फॅलेनॉप्सिस. फुलं गळलीत ना, मग हीच वेळ. कुंडीतून अलगद काढा. बाजारातल्या झाडाला मुळांभोवती मॉस (शेवाळ) गच्च दाबलेलं असतं आणि बऱ्याचदा अगदी मधोमध रोपवाटिकेतला छोटा प्लास्टिकचा जाळीदार कप तसाच असतो, तो वरून दिसत नाही पण कुजायला सुरुवात तिथूनच होते. कोमट पाण्यात भिजवून मॉस सोडवा, कप कात्रीने कापून काढा. मग एकेक मूळ चिमटीत दाबून बघा. टणक लागलं तर चांगलं, रंग काही का असेना. दाबल्यावर पचकन पाणी आलं आणि साल निसटून हातात नुसता दोरा राहिला तर ते गेलं, कापा. कात्री आधी गॅसवर धरून गार करून घ्या. हवेतली मुळं जबरदस्तीने आत कोंबू नका, मोडतात, राहू देत बाहेर.

लावायला नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि लोणारी म्हणजे लाकडी कोळसा, थोडे विटांचे तुकडे घातले तरी चालतील. कोकोपीट नको हां, भुसा असतो तो, गच्च बसतो. सोडणाचे तुकडे एक दिवस पाण्यात ठेवा, ते लालसर पाणी ओतून परत भिजवा, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ निघेपर्यंत, कारण त्यात क्षार असतात. कुंडी मुळं मावतील एवढीच. मोठी घेतली की आत ओल साचते. बाजूनेही भोकं असलेली मातीची किंवा मग पारदर्शक प्लास्टिकची, नवशिक्यांना मी पारदर्शकच सांगते कारण मुळं दिसतात. आणि झाड हलता कामा नये, काठीला बांधा, हललं की नव्या मुळांची हिरवी टोकं घासून तुटतात.

मुळं कापली असतील तर तीन-चार दिवस पाणी नको. नंतर मुळं बघून घालायचं. हिरवी दिसतायत म्हणजे ओली आहेत, हात लावू नका. रुपेरी-करडी झाली की सकाळी बेसिनमध्ये ठेवून नळ बारीक सोडा आणि मिनिटभर आरपार वाहू द्या, बघता बघता हिरवी होतात. मग पूर्ण निथळू द्या. खाली पाण्याची ताटली नको. पानांच्या मधोमध खोलगट जागेत पाणी राहिलं तर कागदाने टिपून घ्या, तिथे कुजलं की अख्खं झाड जातं.

अर्ध्या कपाने सगळी मुळं भिजत नाहीत आणि मॉस मात्र कायम ओलं राहतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा. बर्फ सोडा, नळ आहे ना घरात.

गजाली_आणि_गवत:
सोनटक्काताई, सगळं पटलं पण सोडणाबद्दल थोडं वेगळं मत आहे. आमच्याकडे कुडाळला पावसाळ्यात चार महिने सोडण सुकतच नाही, वर्षा-दोन वर्षांत भुगा होतो आणि गोगलगायी होतात त्या वेगळ्याच. मी डेंड्रोबियम नुसत्या कोळशात आणि विटांच्या तुकड्यांत लावतो, पागोळ्यांपासून जरा आत, वारा खेळेल असं टांगतो, जून ते सप्टेंबर पाणी जवळपास नाहीच. एप्रिल-मेमध्ये मात्र रोज सकाळी, कधी संध्याकाळी पण. व्हांडा ऑर्किडं तर लाकडी चौकटीत काहीच न भरता लटकतायत. तेव्हा "आठवड्यातून किती वेळा" या प्रश्नाला उत्तर नाही, गाव कुठलं ते आधी सांगा.

सोनटक्का:
बरोबर आहे दादा, कोकणात विटा-कोळसाच. पण पुण्यात मार्च ते मे हवा इतकी कोरडी की नुसत्या कोळशात फॅलेनॉप्सिसची पानं सुरकुततात, थोडं ओल धरणारं काहीतरी लागतं. पावसाळ्यात इथेही हात आखडताच.

खिडकीतली_बाग:
आत्ताच काढून बघितलं, तो कप खरंच निघाला!! मधली मुळं काळी, बाहेरची छान. आता डेंड्रोबियमचं सांगा, उंच झालंय आणि कुंडी चहाच्या कपाएवढी, सारखी आडवी पडते. त्याच्या दोन जुन्या काठ्यांना, म्हणजे खोडांना, पानं नाहीत, कापून टाकू? आणि उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, चालेल का?

गजाली_आणि_गवत:
कापू नका. पानं नसली तरी हिरव्या, भरीव काठीत पाणी आणि अन्न साठलेलं असतं, नवा कोंब त्याच्यावर पोसतो, कधी कधी त्याच जुन्या काठीवर वरती पिल्लू (छोटं रोप) पण येतं. पूर्ण वाळून पिवळी कुरकुरीत झाली की मग काढा. कुंडी लहानच आवडते त्याला, पुढे दोन कोंब मावतील एवढी घ्या आणि पडू नये म्हणून तळाला दोन दगड टाका. काठीचा बुंधा वरच राहिला पाहिजे, पुरला तर कोंब कुजतो. नवीन कोंबाला मुळं फुटायला लागली की तेव्हाच बदला, उगाच मध्येच नको. ऊन फॅलेनॉप्सिसपेक्षा जास्त लागतं. पानं गडद हिरवी असतील तर ऊन कमी पडतंय, पोपटी असली तर बरोबर. तुमचं सकाळचं ऊन डेंड्रोबियमला, फॅलेनॉप्सिस जरा मागे सावलीत.

दादर_पूर्व:
टँकरचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर कुंडीच्या कडेला आणि मुळांवर पांढरा थर धरतो, मुळांची टोकं करपतात. धरणाचं नळाचं पाणी चांगलं. पावसाचं साठवता आलं तर फारच छान. खत म्हणाल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साधं पाणी घालून मगच. आणि मधूनमधून नुसत्या पाण्याने भरपूर धुवा.

जाता जाता, सिक्कीम-कालिंपाँगच्या ट्रिपमधून सिंबिडियम ऑर्किड उचलून आणू नका. झाड जगतं, पानं ढीगभर येतात, पण फुलायला गार रात्री लागतात, त्या मुंबईत कुठून आणणार. फॅलेनॉप्सिसलाही फुलांचा दांडा यायला थोडा गारवा लागतो पण पुण्यातल्या नोव्हेंबर-डिसेंबरात भागतं, त्या बाबतीत तुम्ही नशीबवान.

आळशी_माळी:
आणि आंबोलीला गेलात तर सीतेची वेणी बघूनच या, झाडावरून काढून आणू नका. तसंही ती बाल्कनीत फारशी रमत नाही.

खिडकीतली_बाग:
सगळ्यांचे आभार, शनिवारी फॅलेनॉप्सिस लावते, डेंड्रोबियम कोंबाची वाट बघेल. सोडण सासूबाईच देणार आहेत, नारळ रोज फुटतो. लोणारी कोळसा कोथरूडात कुठे मिळेल?

सोनटक्का:
कोळशाची इस्त्री वापरणारा इस्त्रीवाला असेल जवळपास, त्याच्याकडे मागा, चार तुकडे सहज देतो. बार्बेक्यूच्या तयार विटा घेऊ नका, त्यात चिकटवायला आणि पेटायला भलतंसलतं घातलेलं असतं. आणून धुवून घ्या, नाहीतर बेसिन काळं होईल.