ऑर्डरचा तानपुरा: तारीख टळली की आगाऊ परत मागावी का?

खर्जप्रेमी
मिरजेत तानपुरा बांधायला टाकणाऱ्यांची तक्रार ठरलेली. निम्मे पैसे आगाऊ घेतात आणि "गणपतीनंतर या" म्हणतात. गणपतीनंतर फोन केला की दिवाळी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यानं वाद्य वेळेवर घरी येत नाही. माझं मत: आगाऊ ३० टक्क्यांच्या वर देऊ नये, तारीख लेखी घ्यावी, आणि तारखेवर महिना उलटला की पैसे परत मागावेत.

भोपळेशास्त्री
साफ असहमत. ३० टक्क्यांत काय काय बसवायचं? भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातून, हंगामात एकदा. पुरुषी तानपुऱ्याला लागणारा मोठा, गोल आणि जाड सालीचा भोपळा शेतात मोजकाच निघतो, म्हणून वर्षाचा माल हंगामातच उचलून ठेवावा लागतो. शिवाय तुणाचं वाळलेलं लाकूड. तुमच्या मापाच्या भोपळ्याला कापताना चीर गेली की पुन्हा शोध सुरू.

त्यात पावसाळा. दमट हवेत चपड्याचं (लाखेचं) पॉलिश पांढरट पडतं, सरस नीट धरत नाही. तुमच्या तारखेसाठी ओल्या हवेत भोपळा आणि लांब दांडी यांच्यामधला गळा जोडला, तर तारा चढवल्यावर सांध्याला फट पडते आणि दांडी पुढे झुकते. उशिरा आलेलं वाद्य निदान वाजतं तरी.

खर्जप्रेमी
पावसाळा काय यंदाच आला? तारीख देतानाच तो धरायला हवा. आणि दर वेळी भोपळ्यावर ढकलू नका. पुष्कळदा तुमच्यासाठी बांधलेला सांगाडा दारात रोख घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला जातो, आणि तुमचा नंबर परत शेवटी.

जोडतार
या शेवटच्या मुद्द्यावर इलाज आहे. पैसे तारखेला बांधू नका, कामाच्या टप्प्याला बांधा. भोपळा पसंत केल्यावर ३० टक्के. गळा, दांडी जोडून तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) बसली की ४०. उरलेले ३० जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून आणलेला गुंजणारा नाद) लागल्यावर, वाद्य ऐकून. तबली चिकटवण्याआधी भोपळ्याच्या आतल्या बाजूला तुमचं नाव, पट्टी (हार्मोनियमच्या पट्टीवरून सांगतात तो सूर) आणि तारीख लिहायला सांगा आणि त्याचा फोटो मागा. एकदा तबली बसली की ते नाव पुसता येत नाही, त्यामुळे तो सांगाडा दुसऱ्याला देणं अवघड होतं.

पावतीवर नुसतं "लेडीज तानपुरा" नको. पट्टी काळी चार की काळी पाच, खुंट्या शिसवीच्या की साध्या, नक्षी किती, तारा कोणी द्यायच्या, वाद्य ठेवायची पेटी धरून की वेगळी, हे सगळं हवं. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

कलम_पंचावन्न
रागाच्या भरात लोक एक गोष्ट विसरतात. करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, मुदत टळल्यावर तुम्ही उशिराचं काम मुकाट्यानं स्वीकारलंत, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच "भरपाईचा हक्क राखून घेत आहे" असं कळवावं लागतं. व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लिहा. पावतीत "मुदत हा कराराचा गाभा आहे" असं वाक्य असेल तर करार रद्द करायला बळ मिळतं. नसेल तर नुसत्या उशिरावर रद्द करणं कठीण.

पुढची पायरी १५ दिवसांची लेखी नोटीस, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मिरजेच्या फेऱ्या नकोत. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. शिकवणीसाठी वाद्य घेणाऱ्यांनी घाबरू नये: स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरती खरेदी कायद्यात व्यापारी धरत नाहीत.

भोपळेशास्त्री
नोटीस कोणाला धाडणार ते तरी बघा. पुण्या-मुंबईचा दुकानदार ऑर्डर घेतो, काम मिरजेत देतो, कारागिराच्या हाती थोडेच पैसे पोचतात आणि शिव्या मात्र पूर्ण. पावती ज्याच्या नावाची, जबाबदार तोच. आणि अर्ध्या कामात पट्टी बदलणाऱ्या गिऱ्हाइकांचं काय? तिथे दांडीची लांबी, तारांची जाडी, सगळंच हलतं.

खर्जप्रेमी
पट्टी बदलली तर तारीख नव्याने ठरावी, मान्य. टप्प्यांचंही पटलं. पण ४० टक्क्यांचा हप्ता नुसत्या फोटोवर सोडायला मी तयार नाही. मिरजेत ओळखीच्या कोणा वाजवणाऱ्याला पाठवून सांधा बघावा.

जोडतार
जरूर पाठवा. आणि शेवटच्या ३० मधले थोडे आणखी अडवून ठेवा. नवी तबली तारांच्या ताणाखाली काही आठवडे बसत राहते, घोडीवरची जवारी बिघडते. ती एकदा फुकट परत लावून देणं पावतीवरच लिहून घ्या, नाहीतर तेव्हाही उत्तर "दिवाळीनंतर".